टेक्ससच्या घटनेतलं कलम ५६ : "इमिग्रेशन ब्यूरोला दमडी नाही" हे नक्की कुणाविरुद्ध होतं?

उंबरठा

मंडळी, प्रश्न जरा आडवळणाचा आहे, पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

आम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. लेक बारावीत आहे. त्याला 'गव्हर्नमेंट' हा विषय आहे आणि त्यात काम असं मिळालंय की टेक्ससच्या १८७६च्या घटनेतलं कुठलंही एक कलम उचला आणि ते मूळ कसं होतं, नंतर त्याचं काय झालं ते सांगा. पठ्ठ्याने डोळे मिटून बोट ठेवलं ते सोळाव्या प्रकरणातल्या ५६व्या कलमावर. जेवणाच्या टेबलावर बसून मोठ्याने वाचायला लागला. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी नवऱ्याच्या एच-वनच्या मुदतवाढीचे कागद पसरून बसले होते. ग्रीन कार्डच्या रांगेतलं हे आमचं बारावं वर्ष.

कलमाचा अर्थ साधारण असा: इमिग्रेशन ब्यूरो स्थापन करण्यासाठी आणि चालवण्यासाठी, किंवा या राज्यात स्थलांतरितांना आणण्याच्या कुठल्याही कारणासाठी, सार्वजनिक पैसा मंजूर करण्याचा अधिकार विधिमंडळाला असणार नाही.

मी म्हटलं, वा! म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय की तुम्ही नकोत. त्यावर लेकाचं उत्तर, "आई, आधी ब्यूरो म्हणजे काय ते तरी बघ."

पुढे वाचलं तर गोंधळ वाढला. ४ नोव्हेंबर १९५८ला टेक्ससच्या मतदारांनी हे कलम बदललं. आज तिथे स्थलांतरितांचं नावही नाही. आहे काय, तर राज्याची जाहिरात करायला पैसे खर्च करता येतील, आणि त्या जाहिरातीत कुठल्याही हयात राज्य पदाधिकाऱ्याचं नाव किंवा फोटो कधीही वापरायचा नाही. एकाच कलमात आधी इमिग्रेशन आणि मग फोटो? हे काय गौडबंगाल आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा. गुरुवारी सादरीकरण आहे.

रोखठोक

यात गौडबंगाल कसलं? टेक्सस ते टेक्सस. तेव्हाही बाहेरचा नको, आताही नको. १९५८ला लाज वाटली म्हणून शब्द बदलले, इतकंच. लेकाला हेच लिहायला सांगा, मास्तर खूश.

दस्तऐवज

रोखठोक, अहो थांबा. पोराचे मार्क जातील.

मी ऑस्टिनमध्ये एका टायटल कंपनीत बावीस वर्षं काढली. घर विकलं जाण्याआधी त्या जमिनीचे कागद मागे मागे उकलत न्यायचे, हे काम. आजचा मालक, त्याच्या आधीचा, त्याच्याही आधीचा, असं करत राज्याने ती जमीन पहिल्यांदा ज्याला दिली त्या कागदापर्यंत पोचायचं. त्याला इथे 'पेटंट' म्हणतात. त्या नादाने टेक्ससचं एकोणिसावं शतक मला माझ्या लग्नाच्या तारखेपेक्षा जास्त पाठ आहे (हे घरी वाचलं जात नाही अशी आशा).

तर पहिली गोष्ट, लेक बरोबर बोलला. तेव्हाचा इमिग्रेशन ब्यूरो म्हणजे माणसं अडवणारी कचेरी नव्हे, तर माणसांना आवतण देणारी. आज एखादं राज्य कारखाना यावा म्हणून जसं पायघड्या घालतं, तशी तेव्हा राज्यं माणसांसाठी घालत. मिशिगनने १८४५मध्येच न्यूयॉर्कच्या बंदरावर आपला माणूस बसवला होता. विस्कॉन्सिनने १८५२ला बसवला. बोटीतून उतरणाऱ्या जर्मन किंवा नॉर्वेजियन कुटुंबाच्या हातात त्यांच्याच भाषेतलं पत्रक ठेवायचं आणि म्हणायचं, चला आमच्याकडे, जमीन स्वस्त, हवा उत्तम.

टेक्ससने तर हे थेट घटनेत घातलं होतं. यादवी युद्धानंतरच्या १८६९च्या घटनेत इमिग्रेशन ब्यूरोचं स्वतंत्र प्रकरणच आहे. त्याचा प्रमुख गव्हर्नरने सेनेटच्या संमतीने नेमायचा, चार वर्षांसाठी, पगार वर्षाला २,००० डॉलर. परदेशी बंदरांत एजन्सी चालवायला पैसे. आणि हे नीट वाचा: स्थलांतरितांचं युरोपहून इथवरचं बोटभाडं, थोडं किंवा सगळं, राज्याने भरलं तरी चालेल! जे घटनेत घातलं होतं ते घटनेतूनच उपटावं लागलं, म्हणून १८७६ला ती बंदी आली. तुम्हाला ती रिकाम्या जागी अचानक उगवल्यासारखी दिसते, कारण आधीचा कागद तुमच्यासमोर नाही. आमच्या धंद्यात याला साखळीतली कडी तुटणं म्हणतात.

आता ती का उपटली?

सोपं उत्तर असं देतात की ब्यूरो रिपब्लिकनांनी काढला आणि डेमोक्रॅटांनी सत्तेवर येताच मारला. पण ते जुळत नाही. डेमोक्रॅट १८७४च्या जानेवारीत आले आणि त्यांनी ब्यूरो बंद न करता त्यावर आपला माणूस बसवला. जेरोम रॉबर्टसन, युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेला, हूडच्या टेक्सस ब्रिगेडचा सेनापती राहिलेला. म्हणजे दोन वर्षं ब्यूरो त्यांच्याच हातात होता. मग मारला कुणी?

मारला तो कंजूषपणाने. हे मी कौतुकाने म्हणतोय की रागाने, ते माझं मलाच ठरवता आलेलं नाही. ६ सप्टेंबर १८७५ला ऑस्टिनला घटना लिहायला ९० प्रतिनिधी जमले. त्यातले चाळीसच्या आसपास 'ग्रेंज' या शेतकरी संघटनेचे. दोन वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या बँका कोसळल्या होत्या, कापसाचा भाव पडलेला, आणि मागच्या सरकारने कर वाढवून ठेवलेले. ही मंडळी हातात कात्री घेऊनच आली. स्वतःचा भत्ता रोजी पाच डॉलर ठेवला, आमदारांना तोवर आठ मिळत होते. गव्हर्नरचा पगार ५,०००वरून ४,००० केला. राज्याच्या कर्जाला २,००,००० डॉलरची वेसण घातली. आणि कहर म्हणजे भाषणं टिपून घ्यायला लघुलेखक नेमायचा तर पैसे जातील म्हणून तो नेमलाच नाही! त्यामुळे कोण काय बोललं हे शोधायचं तर त्या वेळच्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या धुंडाळाव्या लागतात.

जी सभा स्वतःची भाषणं लिहून घ्यायला पैसे देत नाही, ती जर्मनीतल्या शेतकऱ्याचं बोटभाडं देईल का? घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं. शिवाय शेतकऱ्याचा साधा हिशोब असा होता: माणसं आली की फायदा कुणाचा, तर जमीन विकणाऱ्याचा आणि रेल्वेचा. मग कर मी का भरू?

आणि माणसं तशीही येतच होती. अलाबामा, टेनेसी, मिसिसिपीतून बैलगाड्या भरभरून. १८७०च्या शिरगणतीत टेक्ससची लोकसंख्या ८,१८,५७९ होती, १८८०च्या शिरगणतीत १५,९१,७४९. दहा वर्षांत जवळपास दुप्पट, आणि त्यातल्या निम्म्या दशकात ब्यूरोला एक डॉलरही द्यायला बंदी!

पण खरी गंमत पुढे आहे. टेक्ससकडे रोकड नव्हती, जमीन मात्र अफाट होती. अमेरिकेत सामील होताना टेक्ससने आपली सरकारी जमीन स्वतःकडेच ठेवली होती. मग जे काम पैशाने करायचं ते जमिनीने करायचं, अशी पद्धत पडली. ऑस्टिनमधली विधान भवनाची ती गुलाबी ग्रॅनाइटची इमारत? बांधणाऱ्यांना मोबदला म्हणून पॅनहँडलमधली, म्हणजे राज्याच्या उत्तर टोकाची, ३० लाख एकर जमीन दिली. रेल्वे? रूळ टाकलेल्या दर मैलामागे १६ सेक्शन, म्हणजे १६ चौरस मैल. असं करत रेल्वे कंपन्यांना एकूण ३ कोटी २० लाख एकरांहून जास्त जमीन गेली.

आता एवढी जमीन हातात आल्यावर रेल्वे काय करणार? गिऱ्हाईक शोधणार. म्हणजे पत्रकं, युरोपात एजंट, बंदरावर माणसं. ब्यूरोचं सगळं काम तसंच्या तसं, फक्त पाटी खासगी. रेल्वेच्या पाठबळाने साउथ वेस्टर्न इमिग्रेशन कंपनी निघाली. तिचा अध्यक्ष कोण असावा? डब्ल्यू. डब्ल्यू. लँग. टेक्सस ग्रेंजचा माजी प्रमुख! ज्या संघटनेच्या माणसांनी सरकारी ब्यूरोच्या गळ्याला नख लावलं, तिचाच म्होरक्या खासगी ब्यूरोच्या गादीवर.

तेव्हा उंबरठा, ते कलम माणसांविरुद्ध नव्हतं. ते खर्चाविरुद्ध होतं. फोटोचं रात्री लिहितो, आता नातवाला पोहायला न्यायचंय.

डेनव्हरकर

उत्तम प्रतिसाद. यात आमच्या कोलोरॅडोची भर घालतो, कारण टेक्ससमध्ये बंदी प्रतिनिधींनी लिहिली, आमच्याकडे नकार थेट मतपेटीतून आला.

१९१०ला कोलोरॅडोत लोकांना थेट कायद्यांवर मत देण्याचा हक्क मिळाला आणि १९१२च्या मतपत्रिकेवर तब्बल ३२ प्रस्ताव आले. दारूबंदी, बायकांच्या कामाचे तास, खाणीतले तास, मातांना भत्ता, न्यायाधीशांचे निकाल फिरवणं, काय वाटेल ते. त्याच गर्दीत इमिग्रेशन ब्यूरो काढून त्याला पैसे द्यायचा प्रस्ताव होता. पडला. दारूबंदीही पडली. बायकांचे आठ तास आणि मातांचा भत्ता मात्र पास झाले. (इथे बायका १८९३पासून मत देत होत्या, त्याचा काही संबंध असेल असं आपलं मला वाटतं.)

तरी माणसं बोलावण्याचं काम काही थांबलं नाही. राज्याचं इमिग्रेशन बोर्ड होतंच आणि १९१८पासून ते राज्याच्या माहितीचं जाडजूड वार्षिक काढायला लागलं. पीक किती, पाऊस किती, जमिनीचा भाव काय. आवतणाचाच प्रकार, फक्त आकडेवारीचा कोट घातलेला.

उंबरठा

दस्तऐवज, तुमचा प्रतिसाद लेकाला वाचून दाखवला. त्याने लघुलेखकाची गोष्ट लगेच पहिल्या स्लाइडवर टाकली.

पण माझी एक शंका फिटली नाही. तुम्ही लिहिलंत की बोटभाडं "युरोपहून" येणाऱ्यांचं. तो शब्द घटनेतच आहे? मग "माणसांविरुद्ध नव्हतं" हे इतकं सरळ कसं म्हणता येईल? बंदी खर्चाविरुद्ध असेल, पण मूळ आवतण तरी सगळ्यांना कुठे होतं?

दस्तऐवज

पकडलंत. हो, शब्द घटनेतच आहे: "युरोपहून या राज्यात". मी तो वाक्यात टाकला आणि स्वतःच त्याच्यावरून चालत गेलो.

त्यामागचं कारण काही लपलेलं नाही. गुलामगिरी संपली होती, आणि मोकळ्या झालेल्या काळ्या मजुरांना मजुरी द्यावी लागणं, त्यांनी करार नाकारणं, हे दक्षिणेतल्या बऱ्याच जमीनदारांना रुचत नव्हतं. त्यांच्या जागी गोरे मजूर आणि शेतकरी आणावेत हा त्या काळी सगळ्या दक्षिणेत बोलला जाणारा विचार. दुसरा नमुना बघा. १८७०च्या जानेवारीत ह्यूस्टन अँड टेक्सस सेंट्रल रेल्वेच्या कामासाठी अडीचशे-तीनशे चिनी मजूर कॅल्व्हर्ट गावी आणले. रूळ टाकायला आशियातले चालत होते. जमिनीवर बसवायला मात्र युरोपातले हवे होते.

म्हणजे माझं वाक्य दुरुस्त करतो: बंदी खर्चाविरुद्ध होती, पण जे बंद केलं ते काही सर्वांना खुलं दार नव्हतं. लेकाने हे लिहिलं तर माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळवेल.

आता फोटो.

१८७६च्या बंदीचा चटका पुढे भलत्याच ठिकाणी बसला. "माणसं आणण्याच्या कुठल्याही कारणासाठी" या शब्दांत राज्याची जाहिरातही सापडते. बाहेरच्या माणसाला आपल्या राज्याचं कौतुक सांगणं म्हणजे त्याला बोलावणंच की! १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात टेक्ससची इमारत उभी राहिली ती सरकारी पैशाने नाही, टेक्ससच्या बायकांनी वर्गणी गोळा करून. त्या इमारतीसाठी सॅम ह्यूस्टनचा पुतळा केला एलिझाबेट नाय हिने. ती स्वतः जर्मनीहून आलेली, १८७३पासून टेक्ससमध्ये. ज्यांना आणायला पैसे द्यायचे नाहीत असं राज्याने ठरवलं, त्यांच्यातलीच एक राज्याची शोभा वाढवायला उभी राहिली. ऑस्टिनला तिचा स्टुडिओ अजून आहे, छोटा दगडी किल्लाच. आलात तर दाखवतो.

मग टेक्ससच्या मेक्सिकोपासूनच्या स्वातंत्र्याची शंभरी १९३६ला येणार, तर ती साजरी करण्यासाठीसुद्धा १९३२ला मतदारांकडून वेगळी घटनादुरुस्ती करून घ्यावी लागली. वाढदिवस करायला घटनेची परवानगी! तेवढ्यापुरती खिडकी उघडली, दार बंदच.

१९५८पर्यंत जग बदललं होतं. आता हवे होते कारखाने आणि मोटारीने फिरायला येणारी कुटुंबं. पण टेक्ससच्या मतदाराने दार उघडताना साखळी लावूनच उघडलं. कलमाचा मजकूर नीट वाचा. माहिती द्यायची ती "इतर राज्यांतल्या" व्यक्तींना आणि कंपन्यांना. जाहिरात द्यायची ती देशभर खपणाऱ्या नियतकालिकांत. सरकारी पैशाइतकेच पैसे खासगी लोकांनी आधी तिजोरीत भरावेत, अशी अटही विधिमंडळ घालू शकतं. आणि हयात पदाधिकाऱ्याचं नाव-फोटो कधीही नाही. ही शेवटची अट समजायला इतिहास लागत नाही. कुठल्याही चौकात मान वर करून फलकांकडे बघा. टेक्ससवाल्यांनी ओळखलं होतं की जाहिरातीला पैसे दिले की पहिला फोटो सूर्यास्ताचा येतो आणि दुसरा साहेबांचा.

अवांतर: हे ठरवणारे मतदार म्हणजे पोल टॅक्स, म्हणजे मत देण्यासाठी भरावा लागणारा कर, भरू शकलेले लोक. टेक्ससमध्ये राज्याच्या निवडणुकांसाठी तो कर १९६६पर्यंत होता. आवतण कुणाला द्यायचं, हे ठरवायला बसलेल्यांच्या पंगतीतही सगळे नव्हते.

पर्यटनाची वेगळी एजन्सी निघाली १९६३ला, म्हणजे मतदानानंतर पाच वर्षांनी. कंजूषपणा असा लगेच जात नाही.

आणि एक गृहपाठ माझ्याकडून, लेकाला नाही, तुम्हाला. तुमच्या घराच्या कागदांवर फक्त 'लॉट अमुक, ब्लॉक तमुक' असेल, ते निरुपयोगी. त्या वसाहतीचा प्लॅट, म्हणजे नोंदवलेला नकाशा काढा. काउंटी क्लर्कच्या संकेतस्थळावर मिळेल. त्याच्या मथळ्यात "अमुक एकर, तमुक सर्व्हेपैकी" असं असतं आणि पुढे अॅबस्ट्रॅक्ट क्रमांक. (सर्व्हे म्हणजे मुळात मोजून आखलेला जमिनीचा तुकडा, आणि हा त्याचा नोंदणी क्रमांक.) तो सर्व्हे कुणाच्या नावाने आहे ते इथे लिहा. केटीचं म्हणताय म्हणून मला अंदाज आहे, पण सांगत नाही.

रोखठोक

मान्य. मी कागद न बघता निकाल दिला. तरी ते "युरोपहून" निघालंच ना, म्हणजे अर्धे मार्क मला.

दस्तऐवज

पाव.

उंबरठा

काल रात्री साडेअकराला प्लॅट सापडला. आधी चुकून शेजारच्या वसाहतीचा उतरवला होता. मोठा करून बघायला लागले तर सगळीकडे बारीक अक्षरात वाहिन्या, गटारं, वीज कंपनीची पट्टी. लेकाने मथळ्यावर बोट ठेवलं. इतके एकर, इतके लॉट, आणि पुढे:

एच. अँड टी. सी. आर. आर. कंपनी सर्व्हे.

ह्यूस्टन अँड टेक्सस सेंट्रल. तुमचे कॅल्व्हर्टचे चिनी मजूर ज्या रेल्वेने आणले, तीच ना? त्याने विचारलं, "म्हणजे ही जमीन त्यांना रूळ टाकल्याबद्दल मिळाली?" मी म्हटलं, रूळ टाकणाऱ्यांना नाही रे, कंपनीला.

सादरीकरणातली शेवटची स्लाइड आता आमच्या वसाहतीचा नकाशा आहे. तळ्याच्या बाजूच्या आमच्या लॉटवर त्याने लाल ठिपका दिलाय. मी विचारलं, नाव घालायचं का आपलं? तर म्हणाला, "नको. हयात व्यक्तीचं नाव चालत नाही."

दस्तऐवज

तीच रेल्वे. अंदाज बरोबर निघाला.

अॅबस्ट्रॅक्ट क्रमांक व्यनि (खासगी निरोप) करा. त्याचं मूळ पेटंट जनरल लँड ऑफिसात, म्हणजे राज्याच्या जमीन-नोंदींच्या कचेरीत असणार. स्कॅन मिळाला तर गुरुवारच्या आत पाठवतो.